बॉटनी घेतली, पुढं काय? चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलांसाठी इंटर्नशिपची वाट

बारावीनंतर नीटमध्ये जमलं नाही की बीएस्सी, आणि बीएस्सीत बॉटनी आली की घरात नाराजी. “झाडंपानं शिकून रोजगार कुठं मिळतो?” हा सवाल आम्हा शिक्षकांना दरवर्षी ऐकायला मिळतो. मुलगी असेल तर पुढचंही ठरलेलं: पदवी होऊ द्या, मग स्थळं बघू. आपण राहतो जंगलाच्या मुलखात. इथं या विषयाला कमी लेखणं आपल्या मुलांना महागात पडतं. या विषयात पुढं जायचा एक चांगला रस्ता म्हणजे संशोधन संस्थेतली इंटर्नशिप.

तिथं काय शिकतात?

भारतीय वनस्पती सर्वेक्षण ही केंद्र सरकारची संस्था १८९० साली स्थापन झाली. तिचं पश्चिम विभागीय केंद्र १९५५ पासून पुण्यात आहे. पुण्यातच आघारकर संशोधन संस्था आहे. ती १९४६ साली सुरू झाली आणि तिथं वनस्पती, बुरशी, गव्हाचं बियाणं अशा विषयांवर काम चालतं. लखनौला राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था आहे.

अशा ठिकाणी विद्यार्थी पुस्तकातलं हातानं करून पाहतो. रोप फुलासकट गोळा करायचं, वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबून वाळवायचं, जाड कागदावर चिकटवायचं आणि खाली चिठ्ठी लिहायची: जागा, तारीख, फुलाचा रंग, स्थानिक नाव. असा संग्रह म्हणजे हर्बेरियम. शंभर वर्षांनीही कुणाला त्या रोपाबद्दल शंका आली, तर तो कागद काढून बघता येतो. पुढं सूक्ष्मदर्शक, डीएनए तपासणी, औषधी घटक वेगळे करणं, अशी कामं विभागाप्रमाणे मिळतात.

आपल्या मुलांची जमेची बाजू

चिठ्ठीवरचं ‘स्थानिक नाव’ शहरातल्या मुलाला विचारत फिरावं लागतं. आपल्याकडे एकाच झाडाला मराठी, गोंडी, माडिया, तेलुगू आणि उर्दू नावं असतात. आपल्यातली कितीतरी घरं लाकूड, बांबू, तेंदूपत्ता, मोहाच्या व्यवहारात आहेत. युनानी हकीम देतात ते इत्रिफल घ्या. त्यातले हलीला, बलीला आणि आमला म्हणजे आपल्या जंगलातले हिरडा, बेहडा आणि आवळा. तेराव्या शतकात अंदलुसचे इब्न अल-बैतार यांनी सुमारे १,४०० औषधी द्रव्यांची माहिती एका ग्रंथात एकत्र केली, ती मुलुखोमुलुखी फिरून, लोकांना विचारून आणि जुने ग्रंथ वाचून. हा इल्म आपल्याला परका नाही.

सुरुवात घराजवळही करता येते. आलापल्लीचं जुनं राखीव वन २०१४ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झालं. चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. आधी इथं एखादं छोटं काम केलं, तर पुण्याच्या अर्जात लिहायला काहीतरी असतं. मात्र जंगलातून रोपं गोळा करायची तर वनविभागाची परवानगी लागते. ती कॉलेजमार्फत घ्यावी.

अर्ज कधी, कसा?

आपली मुलं एप्रिलमध्ये परीक्षा संपल्यावर विचारायला येतात. तोवर बऱ्याच जागा भरलेल्या असतात. देशातल्या तीन विज्ञान अकादमींची मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप असते. त्यात दोन महिने शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम, विद्यावेतन आणि प्रवासखर्च मिळतो. तिचे अर्ज साधारण नोव्हेंबरमध्ये भरले जातात. म्हणून दिवाळीच्या सुट्टीतच तयारी करा.

• गुणपत्रिका, बोनाफाईड, कॉलेजचं ना-हरकत पत्र आणि प्राध्यापकांचं शिफारसपत्र तयार ठेवा.
• आधार आणि गुणपत्रिकेवरच्या नावाचं स्पेलिंग जुळतं का बघा. शेख, सय्यद, बी, बानो यांत आपल्याकडे हमखास फरक पडतो.
• शास्त्रज्ञाचं काम संस्थेच्या संकेतस्थळावर वाचा आणि मगच पत्र लिहा. सगळ्यांना एकच पत्र पाठवलं तर उत्तर क्वचितच येतं.
• काही संस्था विद्यावेतन देतात, काही उलट प्रशिक्षण शुल्क घेतात. आधी विचारा.
• व्हॉट्सअॅपवर पैसे मागून सर्टिफिकेट देणाऱ्यांपासून दूर राहा.

पालकांसाठी दोन शब्द

मुलगी दोन महिने कुठं राहील, ही काळजी रास्त आहे. पण त्यावर ‘नाही’ म्हणण्याआधी संस्थेला विचारा: वसतिगृह आहे का, कामाची वेळ काय, सोबत आणखी मुली आहेत का. एकदा वालिद किंवा भावानं जाऊन बघून यावं. नाहीच जमलं तर नागपूरपासून सुरुवात करता येईल.

नव्या शैक्षणिक धोरणात पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्रकार्य आणि इंटर्नशिपला श्रेयांक आहेत, म्हणजे हे काम आता शिक्षणाचाच भाग झालं आहे. एमएस्सी, पीएचडी, वनसेवा, औषध कंपनी, कुठंही जायचं असो, असे दोन महिने कामी येतात. घरात कुणी बॉटनी शिकत असेल तर आजच त्याच्याशी किंवा तिच्याशी बोला. नोव्हेंबरचा अर्ज चुकला, की सरळ पुढच्या वर्षावर जातो.