कोळसा आणि जमिनीची मर्यादा : इंग्लंडमधील ऊर्जावापर

औद्योगिक क्रांतीपूर्व समाजांना लागणारी बहुतांश ऊर्जा जमिनीतूनच येत असे. माणसांचे अन्न, बैल-घोड्यांचा चारा आणि चुलीचे सरपण यांची एकाच भूमीवर स्पर्धा चाले; एकाची वाढ म्हणजे दुसऱ्याची कपात. इंग्लंडने ही मर्यादा वाफेच्या यंत्रामुळे ओलांडली, असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात क्रम उलटा दिसतो. न्यूकोमेनचे यंत्र १७१२ मध्ये आले तेच मुळी खाणीतील पाणी उपसण्यासाठी. लंडनच्या घराघरांत कोळसा त्यापूर्वी शतकभर जळत होता. इतिहासकार ई. ए. रिग्ली यांच्या हिशेबानुसार, १८५० च्या सुमारास कोळशापासून दरवर्षी मिळणारी उष्णता लाकडापासून मिळवावयाची, तर देशाच्या क्षेत्रफळाच्या सुमारे दीडपट अरण्य राखावे लागले असते.