जहाज सोडून गेलेला खलाशी आणि परतपाठवणीचे कायदे

कारखान्यातील एखादा कामगार कराराची मुदत संपण्यापूर्वी काम सोडून गेला, तर मालक फार तर त्याच्याविरुद्ध नुकसानभरपाईचा दावा लावील. पोलिसांकरवी त्याला धरून आणून पुन्हा यंत्रासमोर उभे करण्याचा अधिकार मालकास नाही. परंतु परदेशी व्यापारी जहाजावरील खलाशी बंदरात उतरून परत गेला नाही, तर त्याला पकडून बळाने जहाजावर पोहोचविण्याची तरतूद अनेक देशांच्या कायद्यांत दीर्घकाळ होती. ही तरतूद कशी निर्माण झाली आणि तिच्यामागचे तत्त्व पुढे का मागे पडले, याचा इतिहास उद्बोधक आहे. ज्या किनारपट्टीवरील तरुण पिढ्यान्‌पिढ्या बोटीवरच्या नोकरीस जात आले, त्या कोकणाच्या दृष्टीने तर तो जाणून घेणे अगत्याचे आहे.

राष्ट्राराष्ट्रांमधील करार

जहाजाचा मालक एका देशाचा, खलाशी दुसऱ्या देशाचा आणि बंदर तिसऱ्या देशाचे, अशी स्थिती सागरी व्यापारात नेहमीचीच. दूरच्या बंदरात माणसे उतरून गेली की जहाज अडकून पडे आणि बदली माणसे जादा वेतन देऊन मिळवावी लागत. यास्तव 'आमचे पळालेले खलाशी तुम्ही धरून द्यावेत, तुमचे आम्ही देऊ' अशी कलमे राष्ट्रे आपापसांतील तहांत घालू लागली.

फ्रान्स व अमेरिका यांच्यात १७८८ मध्ये झालेल्या करारात असे कलम होते. त्याच्या आधारे फ्रान्सच्या वाणिज्यदूताने एका फ्रेंच युद्धनौकेच्या कप्तानाला पकडण्यासाठी न्यूयॉर्कच्या न्यायाधीशाकडे अधिपत्र मागितले. करारानुसार जहाजाची मूळ नोंदवही पुराव्यादाखल हजर करणे आवश्यक होते. वाणिज्यदूतापाशी मात्र केवळ नक्कल होती. न्यायाधीशाने अधिपत्र नाकारले, आणि १७९५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयात हस्तक्षेप करण्याचे नाकारले. माणसाचे स्वातंत्र्य हिरावून घ्यावयाचे, तर कागदपत्रांची अट काटेकोरपणे पाळली गेली पाहिजे, हा धडा प्रशासनाने आजही ध्यानी ठेवण्याजोगा आहे.

पुढे २ मार्च १८२९ रोजी अमेरिकेने याविषयी स्वतंत्र कायदा केला. ज्या देशाशी तसा तह असेल, त्याच्या वाणिज्यदूताने लेखी अर्ज करावा. संबंधित इसम जहाजाच्या नोकरवर्गापैकी आहे हे जहाजाच्या अधिकृत कागदांवरून सिद्ध करावे. मग न्यायदंडाधिकाऱ्याने त्यास अटक करवून वाणिज्यदूताच्या स्वाधीन करावे, अशी ही पद्धत होती. मात्र अटकेनंतर दोन महिन्यांहून अधिक काळ कोणासही डांबून ठेवता येत नसे. त्या मुदतीत रवानगी झाली नाही, तर त्यास मुक्त करावे आणि त्याच कारणासाठी पुन्हा त्रास देऊ नये, असे बंधन होते.

ब्रिटन व भारत

ब्रिटनने १८५२ मध्ये असाच कायदा केला व त्याची व्याप्ती ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखापर्यंत ठेवली. जो देश ब्रिटिश जहाजांवरील पळालेले खलाशी धरून देईल, त्याच देशाला ही सवलत मिळे. या कायद्यातील दोन-तीन शब्द फार बोलके आहेत. तो लागू होता 'गुलाम नसलेल्या' खलाशांना. परक्या जहाजावरून सुटून आलेल्या गुलामास ब्रिटिश कायदा परत देणार नव्हता. स्वतंत्र म्हणविणाऱ्या खलाशास मात्र देणार होता!

स्वतंत्र भारताच्या १९५८ च्या व्यापारी नौवहन कायद्यातही परस्परतेच्या तत्त्वावरील अशी तरतूद होती. केंद्र सरकारने ज्या देशासंबंधी राजपत्रात अधिसूचना काढली असेल, त्या देशाच्या वाणिज्यदूताच्या अर्जावरून न्यायालयाने पळालेल्या खलाशाच्या अटकेस साहाय्य करावयाचे होते. या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संसदेने २०२५ मध्ये संमत केला आहे.

चार खलाशांचा खटला

या सर्व व्यवस्थेच्या मुळाशी असलेला प्रश्न अमेरिकेत ऐरणीवर आला, तो 'अरागो' या अमेरिकन जहाजावरील चार खलाशांमुळे. त्यांनी ऑरेगनमधील अस्टोरिया बंदरात जहाज सोडले. त्यांना पकडून जहाज निघेपर्यंत सोळा दिवस तुरुंगात ठेवण्यात आले आणि नंतर इच्छेविरुद्ध जहाजावर चढविण्यात आले. तेथे त्यांनी काम करण्यास नकार दिला, म्हणून त्यांच्यावर खटला झाला. गुलामगिरी व सक्तीचे दास्य नष्ट करणारी घटनादुरुस्ती अमेरिकेने १८६५ मध्येच केली होती. तरीही १८९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती खलाशांच्या कराराला लागू पडत नाही, असा निर्णय दिला. खलाशी हे जणू अज्ञान बालकांप्रमाणे असून त्यांना कायद्याच्या विशेष धाकाची व संरक्षणाची गरज आहे, असे त्यामागचे विचारसूत्र होते. न्यायमूर्ती हार्लन यांनी एकट्याने विरोधी मत नोंदविले.

खलाशांच्या संघटनेने मात्र हा प्रश्न सोडला नाही. नॉर्वेत जन्मलेले अँड्र्यू फ्युरुसेथ हे तिचे नेते. ४ मार्च १९१५ रोजी अध्यक्ष विल्सन यांनी स्वाक्षरी केलेल्या खलाशी कायद्याने व्यापारी जहाजावरून पळून जाण्याबद्दलची अटक व कैद रद्द झाली. १८२९ च्या कायद्याची तरतूद काढून टाकण्यात आली. परदेशांशी झालेल्या तहांतील तशी कलमे संपुष्टात आणण्यासाठी त्या त्या सरकारांना सूचना द्यावी, असा आदेशही अध्यक्षांना देण्यात आला.

यात मानवतेबरोबर व्यवहारही होता. परदेशी खलाशी अमेरिकन बंदरात निर्भयपणे काम सोडू शकला, तर परदेशी मालकांनाही वेतन वाढवावे लागेल आणि अमेरिकन खलाशाची स्पर्धा सुसह्य होईल, असा फ्युरुसेथ यांचा हिशेब होता. याच कायद्यातील, जहाजाचे अधिकारी देतील ते हुकूम बहुसंख्य खलाशांना समजलेच पाहिजेत, ही अट आशियाई खलाशांना वगळण्याच्या हेतूने घातलेली होती.

आशियाई खलाशाची स्थिती

ब्रिटिश जहाजांवर रत्नागिरीकडील खलाशी आणि गोव्याचे खानसामे व कारभारी मोठ्या संख्येने असत. 'लस्कर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या खलाशांचे करार गोऱ्या खलाशांपेक्षा वेगळे असत. वेतन कितीतरी कमी, आणि करारातून मुक्तता साधारणतः हिंदुस्थानातील बंदरातच. अमेरिकेच्या १९१५ च्या कायद्याने पळालेल्या खलाशाची अटक थांबली खरी. परंतु १९१७ च्या आगमनविषयक कायद्याने हिंदुस्थानासह आशियाच्या मोठ्या भागातील लोकांना तेथे वसण्यास मज्जाव केला. म्हणजे जहाजाचा पळपुटा म्हणून नव्हे, तर विनापरवाना परदेशी म्हणून तो कायद्याच्या कचाट्यात सापडू लागला.

आजची भूमिका

नोकरीचा करार मोडणे ही एक गोष्ट आणि परदेशात परवानगीवाचून राहणे ही दुसरी. पहिल्या कारणासाठी माणसाला बळाने कामावर परत पाठविणे हे सक्तीचे श्रम ठरते. श्रमिक शिस्तीचे साधन म्हणून सक्तीचे श्रम लादण्यास आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९५७ च्या करारनाम्याने बंदी घातली. भारताने तो २००० मध्ये स्वीकारला. दुसऱ्या बाबतीत मात्र प्रत्येक राष्ट्राचा आपल्या सीमेवरील अधिकार अबाधित आहे.

जहाज सोडून पळण्याची वेळच येऊ नये, हा २००६ च्या सागरी श्रम करारनाम्याचा रोख आहे. भारताने तो २०१५ मध्ये मान्य केला. त्यानुसार सलग बारा महिने पूर्ण होण्यापूर्वी खलाशाला मायदेशी परतण्याचा हक्क मिळतो व त्याचा खर्च जहाजमालकाने सोसावयाचा असतो. गंभीर कसूर केलेल्या खलाशाकडून मात्र हा खर्च वसूल होऊ शकतो. मालकाने खलाशास वाऱ्यावर सोडल्यास चार महिन्यांपर्यंतचे थकीत वेतन आणि परतीचा खर्च आर्थिक हमीतून भागविण्याची सोय आहे. जहाजावर, तसेच बंदरातील अधिकाऱ्याकडे तक्रार नोंदविण्याचा हक्कही त्यास आहे.

गावपातळीवर काय करता येईल?

बोटीवर जाऊ इच्छिणाऱ्या तरुणाला शिक्षक व पंचायत सदस्य यांनी काही गोष्टी अवश्य समजावून सांगाव्यात. नोकरी नौवहन महासंचालनालयाचा परवाना असलेल्या संस्थेमार्फतच मिळवावी. नोकरी मिळवून देण्याबद्दल खलाशाकडून दलाली घेणे हे करारनाम्याच्या विरुद्ध आहे. वैद्यकीय दाखला, नाविकाचे ओळखपुस्तक व पारपत्र यांचा खर्च तेवढा त्याच्यावर पडू शकतो. करारनाम्याची प्रत स्वतःजवळ व एक घरी ठेवावी. पगार थकला वा वागणूक वाईट मिळाली, तर परक्या बंदरात गुपचूप उतरून जाण्याऐवजी लेखी तक्रार करावी व परतपाठवणी मागावी. जहाज सोडून गेलेला खलाशी आज साखळदंडांनी बांधून परत नेला जात नाही. पण मायदेशी परतण्याचा जो हक्क खलाशांनी दीर्घ लढ्याने मिळविला, तो न बजावता त्याने पळ काढला, तर त्या हक्काचे संरक्षण तो आपल्याच हाताने गमावून बसतो.