अन्न सुरक्षेचा वर्ग: मोबाईलवर करायचा की जाऊन बसायचं?



गुऱ्हाळं पेटायच्या तोंडावर सगळ्यांचा एकच फोन, "ते अन्न सुरक्षेचं सर्टिफिकेट मोबाईलवर मिळतंय म्हणे, मग कोल्हापूरला कशाला जायचं?"

आधी एक गोष्ट. शेतातला ऊस, भाजी आहे तशी विकणाऱ्या शेतकऱ्याला २००६ चा अन्न सुरक्षा कायदा लागत नाही. पण त्याच उसाचा गूळ, काकवी केली किंवा हळद दळून पाकिटात भरली, की तो अन्न व्यवसाय झाला. त्यासाठी २०१७ पासून एफएसएसएआयचं 'फॉस्टॅक' प्रशिक्षण आहे. परवानाधारक व्यवसायात दर २५ कामगारांमागे एक प्रशिक्षित सुपरवायझर लागतो. सर्टिफिकेट दोन वर्षं चालतं आणि ते माणसाच्या नावावर असतं, गुऱ्हाळाच्या नाही. म्हणून मालकाचं नाव घालून मोकळं होऊ नका. काहिलीपाशी जो उभा असतो, त्याला पाठवा.

ऑनलाइन वर्ग कोरोनात सुरू झाले. जायचा-यायचा खर्च वाचतो, मजुरी बुडत नाही, घरातल्या बायकांनाही जमतं. मी स्वतः पहिल्यांदा ऑनलाइनच बसलो होतो, शेडमध्ये. परीक्षेच्या ऐन वेळी लाईट गेली, रेंज गेली आणि परत सगळा वर्ग करावा लागला. दुसऱ्या वेळी गावात, दोन फोन चार्ज करून बसलो, तेव्हा पार पडलं.

समोरासमोरच्या वर्गाला नंतर गेलो, तेव्हा फरक कळला. एका गुळव्यानं सरळ विचारलं, "हायड्रॉस नाही टाकलं तर गूळ काळा दिसतो, व्यापारी भाव पाडतो, मग करायचं काय?" त्यावर अर्धा तास चर्चा झाली. भेंडीच्या रसानं मळी कशी काढायची, रस गाळायचा कधी, सगळं निघालं. आपल्याकडं २०१९ आणि २०२१ ला पुराचं पाणी शेडमध्ये शिरलं होतं. त्यानंतर काहिली, टाक्या कशा धुवायच्या हेही तिथंच विचारता आलं. मोबाईलवर असं विचारायला माणूस कचरतो, माईक बंदच राहतो.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा करणाऱ्यानं जाऊन बसावं. मुदत संपून परत करायचं असेल तर ऑनलाइन चालेल. नाव देताना वर्ग मराठीत आहे का ते आधी विचारा आणि नावाचं स्पेलिंग आधारप्रमाणंच द्या.

अजून एक. "वर्ग नको, परीक्षा नको, पैसे पाठवा, पीडीएफ देतो" असे मेसेज फिरतायत. एक रुपया पाठवू नका. प्रशिक्षण देणारी संस्था फॉस्टॅकच्या पोर्टलवर दिसली पाहिजे. दिसत नसेल तर मेसेज मला फॉरवर्ड करा, मी बघतो.

समोरासमोरच्या वर्गासाठी १५-२० नावं जमली तर कुरुंदवाडातच वर्ग घ्यायची विनंती आपण करू. नाव, गाव आणि काय बनवता एवढं याच नंबरवर शनिवारपर्यंत पाठवा.