तिशीनंतर लष्करात नर्स?

जीएनएम करून तुम्ही आठ-दहा वर्षं खासगी रुग्णालयात रात्रपाळ्या काढल्या आहेत. वय 31. लष्करात जायचं मनात होतं, ते राहूनच गेलं, असं वाटतंय? अजून वेळ गेलेली नाही, पण हिशेब आजच मांडा.

मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसच्या शॉर्ट सर्व्हिस कमिशनची 2023 ची भरती महिलांसाठी होती आणि वयोमर्यादा 21 ते 35. वयात तुम्ही बसता. गाडी अडते शिक्षणावर. तिथे नर्सिंगची पदवी मागितली होती, नुसतं जीएनएम चालत नव्हतं. त्यावर उपाय म्हणजे पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग, दोन वर्षांचं. यंदा प्रवेश घेतला तर 33 व्या वर्षी पदवी हातात, मग अर्जाला जेमतेम दोन वर्षं. मुलांच्या परीक्षा आटोपल्यावर बघू, असं म्हणालात की संपलंच!

संगणकावरच्या परीक्षेत नर्सिंगच्या प्रश्नांना वॉर्डातला अनुभव कामी येतो, इंग्रजीचा मात्र सराव लागतो. पुढे मुलाखत, वैद्यकीय तपासणी. निवड झाली की थेट लेफ्टनंट.

लग्नाची अडचण? 1988 मध्ये लग्न केलं म्हणून एका लेफ्टनंट नर्सला सेवेतून काढलं होतं. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मनमानी ठरवून तिला 60 लाख रुपये द्यायला लावले. अडचण येते ती बदल्यांची. पठाणकोटला पोस्टिंग आलं तर मुलांना शाळेत कोण सोडणार, हे अर्ज भरण्याआधी घरात बोलून घ्या.