विमानाच्या नावाची होडी

‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ या १९६३ च्या बाँडपटात अखेरीस मोटरबोटींचा पाठलाग आहे. त्यातली एक बोट पीटर ट्विस चालवतो. हा नट नव्हे, वैमानिक. १० मार्च १९५६ रोजी ‘फेअरी डेल्टा २’ हे विमान ताशी १,८२२ किलोमीटर वेगाने उडवून त्याने जागतिक विक्रम केला होता. ताशी हजार मैलांपुढचा तो पहिलाच विक्रम. मग हा गडी बोटीवर कसा? त्याची कंपनी त्याच्या कितीतरी आधी पाण्यात उतरली होती.

रिचर्ड फेअरी यांनी १९१५ मध्ये ‘फेअरी एव्हिएशन’ काढली. साउदॅम्प्टनजवळ, हॅम्बल नदीच्या मुखाशी तिचा समुद्री विमानांचा तळ होता. दुसऱ्या महायुद्धात इटलीतल्या टारँटोच्या बंदरावर आणि ‘बिस्मार्क’ या जर्मन युद्धनौकेवर टॉर्पेडो सोडणारी ‘स्वोर्डफिश’ विमानं याच कंपनीची. युद्ध संपलं, तशा विमानांच्या मागण्याही आटल्या. फेअरींना स्वतःला शिडाच्या नौकांचं वेड. शर्यतीतल्या मोठ्या नौका त्यांनी बाळगल्या होत्या. १९४६ मध्ये हॅम्बलला ‘फेअरी मरीन’ सुरू झाली.

पारंपरिक होडीत कणा, त्यावर फासळ्या, फासळ्यांवर फळ्या. मग फटी बुजवायच्या. हॅम्बलला हा क्रमच मोडला. होडीच्या आकाराचा भरीव साचा पालथा ठेवायचा. त्यावर लाकडाच्या पातळ पट्ट्या तिरक्या बसवायच्या, डिंक लावून वरचा थर उलट्या दिशेने तिरका. सगळ्यावर रबरी पिशवी ओढून आतली हवा काढायची आणि ते धूड वाफेच्या बंद भट्टीत ढकलायचं. उष्णतेने डिंक पक्का होई, दाबाने थर एकजीव होत. बाहेर येई ते अखंड कवच: हलकं, न गळणारं आणि प्रत्येक वेळी तंतोतंत तेच. लाकडाचे थर कृत्रिम डिंकाने जोडण्याच्या या विद्येला युद्धकाळातल्या विमानबांधणीने धार आली होती.

पहिली गाजलेली होडी ‘फायरफ्लाय’. आराखडा उफा फॉक्स यांचा, लांबी १२ फूट, नाव फेअरीच्याच लढाऊ विमानाचं. पुढे ‘स्वोर्डफिश’ आणि ‘अल्बाकोर’ या होड्यांनीही विमानांचीच नावं घेतली. हुबेहूब सारख्या होड्या म्हणजे शर्यतीत कसोटी फक्त माणसाची. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये टॉरबेच्या पाण्यात एकट्याने चालवायच्या शर्यतीसाठी ‘फायरफ्लाय’च निवडली गेली. वीस वर्षांच्या पॉल एल्व्हस्ट्रॉम या डेन्मार्कच्या पोराने पहिली फेरी अर्धवट सोडली, तरी सुवर्णपदक त्यानेच नेलं. त्याच्या सलग चार सुवर्णपदकांपैकी हे पहिलं.

१९५९ मध्ये ‘हंट्रेस’ ही मोटरबोट आली. रे हंट या अमेरिकन आराखडाकाराचा खोल इंग्रजी ‘व्ही’ आकाराचा तळ तिला होता. असा तळ लाटेवर आपटत नाही, लाट कापतो. १९६० मध्ये कंपनीचा विमानांचा धंदा ‘वेस्टलँड’ या विमान कंपनीकडे गेला आणि ट्विस बोटींकडे आला. बाँडपटात धावल्या त्या याच घराण्यातल्या बोटी.

मग फायबरग्लास आलं. त्याला ना भट्टी लागे, ना लाकूड. भट्टीचं भांडवल हीच हॅम्बलची मिरास होती, ती संपली. तरी मूळ फेअरी उद्योगसमूह १९७७ मध्ये दिवाळखोरीत गेला तो होड्यांमुळे नव्हे. तो पुन्हा विमानांकडे वळला होता; बेल्जियममध्ये मागणीहून जास्त ‘आयलंडर’ विमानं बांधली, ती खपेनात.

‘फायरफ्लाय’ विमानं आता बहुतेक संग्रहालयांत आहेत. ‘फायरफ्लाय’ होड्यांवर मात्र ब्रिटनमधले विद्यार्थी आजही शर्यती लढवतात.