इन्सुलिनचे यंत्र कोणाला द्यायचे?

टाइप-१ मधुमेहात शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही. ही उणीव भरून काढायला आता ‘हायब्रिड क्लोज्ड लूप’ यंत्रणा मदत करते. त्वचेखालचा सेन्सर दर काही मिनिटांनी साखर मोजतो, संगणकीय प्रणाली हिशेब करते आणि पंप त्यानुसार इन्सुलिन सोडतो. जेवणातली कर्बोदके मात्र रुग्णालाच नोंदवावी लागतात.

मग हे यंत्र कोणाला द्यायचे? ब्रिटनमधल्या एका चाचणीतल्या डॉक्टर-परिचारिकांना आधी वाटे, शिस्तीचे आणि तंत्रज्ञानात तरबेज रुग्णच याला योग्य. पण ज्यांच्याकडून फारशी आशा नव्हती, असे काहीजणही ते उत्तम वापरू लागले. म्हणून आधीच चाळणी लावू नये, असे त्यांचे मत बनले.

डिसेंबर २०२३ मध्ये ‘नाइस’ या ब्रिटिश संस्थेने केलेली शिफारसही याच वळणाची आहे. मुले व गर्भवतींबरोबरच, उपचार घेऊनही ज्यांचे एचबीए१सी (रक्तातली सरासरी साखर दाखवणारे प्रमाण) किमान ७.५ टक्के आहे, असे प्रौढही तिच्यात आहेत. म्हणजे साखर आटोक्यात नसणे ही अपात्रता नव्हे, उलट पात्रताच! इंग्लंडमध्ये वाटपाला पाच वर्षांची मुदत आहे, कारण रुग्णांना शिकवणारे प्रशिक्षित कर्मचारीही आधी तयार व्हायला हवेत.