ठिपक्यांच्या फ्रॉकातली मुलगी

जुन्या मुंबईत कुणाची खुशामत करणं म्हणजे ‘पोल्सन लावणं’. पोल्सन हे लोण्याचं नाव, आणि ते शहराच्या जिभेवर इतकं बसलं होतं की त्याचा वाक्प्रचार झाला. खेडा जिल्ह्यातल्या दूधवाल्यांचं दूध पडेल भावात घेणाऱ्या याच पोल्सन कंपनीशी भांडून १९४६ साली आणंदला शेतकऱ्यांचा सहकारी संघ उभा राहिला. पुढे त्या संघानं ‘अमूल’ लोणी काढलं, तेव्हा मुंबईकरांनी नाक मुरडलं. ताज्या सायीचं, पांढरं, अळणी लोणी त्यांना लोणी वाटेना. मग त्यात मीठ आलं, पिवळा रंग आला. तरी गिऱ्हाइकाच्या मनात जागा करायची राहिलीच होती.

ती जागा १९६६ साली एका चिमुरडीनं केली. जाहिरातकार सिल्व्हेस्टर डाकुन्हा आणि चित्रकार युस्टेस फर्नांडिस यांनी तिला घडवलं. निळे केस, शेंडीला रिबीन, लाल ठिपक्यांचा फ्रॉक, मोठाले डोळे आणि नाक जवळजवळ नाहीच. सुरुवातीच्या एका फलकावर ती गुडघे टेकून प्रार्थनेला बसलेली आहे. हात जोडलेले, एक डोळा मिटलेला, दुसरा उघडा डोळा मात्र लोण्यावर, आणि जीभ ओठावरून फिरते आहे. रोजची भाकरी मागणारी ख्रिस्ती प्रार्थना आणि त्यात हळूच घातलेलं लोणी, एवढाच मजकूर. ‘अटरली बटरली डिलिशस’ ही ओळ सिल्व्हेस्टर आणि त्यांच्या पत्नी निशा यांच्या बोलण्यातून जुळली. व्याकरणात ती बसत नाही, पण एकदा ऐकली की तोंडातून जात नाही.

थोड्याच दिवसांत ही मुलगी बातम्यांवर बोलू लागली. घोड्यांच्या शर्यती, विमान कंपनीचा संप, आणीबाणीतली सक्तीची नसबंदी, क्रिकेट, नवा सिनेमा, काहीच तिनं सोडलं नाही. त्या फलकांची ठेवण एकदा नीट बघण्यासारखी आहे. वरची ओळ घटनेची, खालची लोण्याची, आणि मधल्या चित्रात त्या दिवसाचा नायक हातात पावाचा तुकडा घेऊन उभा. वरच्या ओळीतली कोटी त्या दिवसाची बातमी ठाऊक असेल तरच कळते. वाचणाऱ्याला अडाणी न समजता त्याच्याशी बरोबरीनं बोलणं मला या फलकांत सगळ्यात मोलाचं वाटतं. कोटीची आवड तर आपल्या रक्तातच आहे. तरी गणेशोत्सवात ‘गणपती बाप्पा मोरे घ्या’ अशी ओळ झळकली, तेव्हा त्यावर नाराजीही उमटली.

एवढ्या झपाट्यानं फलक बदलतात कसे, याचं उत्तर अमूलचे प्रमुख वर्गीस कुरियन यांच्या एका निर्णयात आहे. जाहिरात छापण्याआधी आणंदला दाखवायची नाही, मंजुरीसाठी थांबायचं नाही, अशी मोकळीक त्यांनी डाकुन्हांना दिली. हा व्यवसाय ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना याची किंमत सांगायला नको. चांगली ओळ मरते ती बहुधा बैठकीत. चार साहेब चार शब्द बदलतात आणि पाचव्या दिवशी बातमीच शिळी होते. इथे आज घडलेलं उद्या फलकावर चढू शकतं, कारण देणाऱ्यानं विश्वास टाकला आणि घेणाऱ्यानं तो सांभाळला. अधूनमधून वाद झाले, एखादा फलक उतरवावाही लागला, पण ती मोकळीक कायम राहिली.

नव्वदच्या दशकात काम सिल्व्हेस्टर यांचे चिरंजीव राहुल यांच्याकडे आलं. मनीष झवेरी ओळी लिहितात आणि चित्रं जयंत राणे काढतात. हा मराठी माणूस ऐंशीच्या दशकापासून त्या मुलीला हातानं रेखतो आहे. पूर्वी फलक रंगवणारे कारागीर ते चित्र पत्र्यावर मोठं करून उतरवत, नंतर फ्लेक्स आलं, आता मोबाइलच्या पडद्यावर आठवड्याला कितीतरी चित्रं येतात. मुलीचा चेहरा मात्र लगेच ओळखू येतो, कारण तो मोजक्याच हातांतून फिरला आहे. सिल्व्हेस्टर डाकुन्हा २०२३ च्या जूनमध्ये गेले.

गोकुळ, वारणा, कात्रज ही आपलीही सहकारी दुधाची घरं आहेत आणि कोट्या करणारे लेखक मराठीत कधीच कमी पडले नाहीत. या संघांच्या संचालकांना माझी एकच विनंती आहे. एखाद्या हजरजबाबी लेखकाला आणि एका चांगल्या चित्रकाराला रस्त्यावरचा एक फलक वर्षभर देऊन टाका, आणि तो चढण्याआधी बघायला मागू नका.